हृदयविकार : कारण कोणते, सोबती कोणता?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने आज आरोग्य तपासणीचे पॅकेज घेतले, की हाती पडणारा रिपोर्ट अनेक पानांचा असतो. साखर, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन यांच्या जोडीला आता होमोसिस्टीन, सीआरपी, अपोलिपोप्रोटीन, फायब्रिनोजेन अशी नावे दिसतात. करोनाच्या साथीत तर डी-डायमर हा शब्द घराघरांत पोचला. यातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्याचा हृदयविकाराशी काही ना काही संबंध अभ्यासांत आढळलेला आहे, त्यामुळे जाहिरातीत तसे लिहिले असेल तर ते खोटे नसते. पण संबंध असणे वेगळे आणि कारण असणे वेगळे, आणि हा भेद रिपोर्टवर कुठेच छापलेला नसतो. मग ठळक अक्षरांत आलेल्या एखाद्या आकड्याने घरात घबराट उडते, तो खाली आणण्यासाठी चूर्णे, कॅप्सूल आणि काढे सुरू होतात. त्याच रिपोर्टमधले जे दोन-तीन आकडे खरोखर धमन्या बिघडवत असतात, ते मात्र ‘थोडेसेच वाढलेत’ म्हणून बाजूला पडतात. कोणता आकडा आजार घडवतो आणि कोणता नुसता आजाराबरोबर चालतो, हे ओळखता आल्याशिवाय हृदय सांभाळता येत नाही, हे माझे या लेखातले म्हणणे आहे. ते पटवण्यासाठी रक्तातल्या दोनच पदार्थांची तुलना पुरेशी आहे. एक कोलेस्टेरॉल आणि दुसरा रक्त गोठवणारे प्रथिन, फायब्रिनोजेन.

हे दोन्ही पदार्थ हार्ट अटॅकच्या जागी हजर असतात. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ते प्रथिनांच्या वेष्टणात बसून फिरते. अशा कणांपैकी एलडीएल नावाचे कण धमनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात आणि तिथे अडकून राहतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, त्या चरबीने फुगतात, मरतात, आणि वर्षानुवर्षे भिंतीत मऊ थर साचत जातो. याला प्लाक म्हणतात. या थरावरचे पातळ आवरण एखाद्या दिवशी फाटते किंवा झिजते. आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येताच शरीराला ती जखम वाटते आणि रक्तबिंबिका तिथे धावतात. थ्रॉम्बिन नावाचे विकर रक्तातल्या विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या चिवट तंतूंमध्ये रूपांतर करते, त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होते. धमनी बंद पडली, की तिच्यावर अवलंबून असलेला हृदयाचा स्नायू मरू लागतो.

या गोष्टीचे दोन्ही भाग शतकभर जुने आहेत. अमेरिकी डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये हृदयाच्या धमनीत अचानक होणाऱ्या अडथळ्याची लक्षणे तपशिलाने मांडली. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर तयार झाल्याचे दाखवले. त्यानंतर अनेक दशके गुठळी महत्त्वाची की चरबी, यावर वाद चालू राहिला. गुठळी हे अटॅकचे कारण नसून अटॅकनंतरचा परिणाम असावा, असे मानणारेही जाणकार होते. तो प्रश्न १९८० मध्ये मार्कस डीवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवला. अटॅक सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत ज्या १२६ रुग्णांची अँजिओग्राफी केली, त्यांपैकी ११० जणांची धमनी पूर्ण बंद आढळली. चरबीने जमीन तयार केली आणि गुठळीने शेवटचा घाव घातला, हे चित्र तेव्हा पक्के झाले. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. कोलेस्टेरॉल मोजून जसा धोका ओळखता येतो, तसा रक्त गोठवणारी प्रथिने मोजूनही ओळखता येईल का?

धोका मोजण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या गावाने जगाला दिली. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि दर दोन वर्षांनी ती होत राहिली. तोपर्यंत हृदयविकार म्हणजे म्हातारपणाचा भाग किंवा नशिबाचा भोग, अशी समजूत होती. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असे डॉक्टरही म्हणत. फ्रॅमिंगहॅमने निरोगी माणसांचे आकडे आधी नोंदवले आणि मग कोणाला आजार होतो याची वाट पाहिली. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले तेव्हा उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही नावे पुढे आली, आणि ‘धोक्याचे घटक’ ही कल्पना वैद्यकात रुजली. धूम्रपान आणि मधुमेह यांचाही वाटा त्याच गावातून स्पष्ट होत गेला.

फायब्रिनोजेनचा प्रवेश या यादीत जरा उशिरा झाला, पण दमदार झाला. लंडनच्या नॉर्थविक पार्क इस्पितळात टॉम मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दीड हजार मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तातली गोठण्याची प्रथिने मोजून ठेवली होती. १९८६ मध्ये त्यांनी जाहीर केले, की फायब्रिनोजेन आणि सातवा गोठण घटक यांचा हृदयविकाराच्या मृत्यूंशी असलेला संबंध कोलेस्टेरॉलपेक्षाही घट्ट दिसतो. पुढच्याच वर्षी फ्रॅमिंगहॅममधूनही फायब्रिनोजेनला दुजोरा मिळाला. २००५ मध्ये ३१ अभ्यासांतल्या १,५४,२११ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हिशेब वजा केल्यावरही, फायब्रिनोजेन दर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅमने जास्त असेल तर हृदयविकाराचा धोका पावणेदोन पटींहून थोडा अधिक निघाला. निरोगी माणसात हे प्रथिन साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असते, तेव्हा १०० मिलिग्रॅमचा फरक काही दुर्मीळ नव्हे. एवढा मोठा पुरावा हाती असल्यावर फायब्रिनोजेन कमी करणारे औषध शोधावे, असे कोणालाही वाटेल.

इथेच थांबून विचार करावा लागतो. फायब्रिनोजेन यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेही दाह असला, की यकृत ते अधिक प्रमाणात तयार करते. हिरड्यांना सूज असो, छातीत जंतुसंसर्ग असो, संधिवात असो, हा आकडा चढतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो जास्त असतो, सोडल्यावर उतरतो. पोटाचा घेर, मधुमेह, बैठे काम, वाढते वय यांच्याबरोबरही तो वाढतो. म्हणजे ज्या ज्या गोष्टी धमन्या खराब करतात, त्यांतल्या बहुतेक गोष्टी फायब्रिनोजेनही वाढवतात. शिवाय धमन्यांत चरबीचे थर साचणे हाच एक संथ दाह आहे, त्यामुळे आजार आधी आणि फायब्रिनोजेन नंतर, असा उलटा क्रमही शक्य आहे. मृगाच्या आधी पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणत ओरडतो आणि शेतकरी त्याचे ऐकून तयारीला लागतो. पण पावशाला हाकलून पाऊस लांबत नाही. फायब्रिनोजेन पावशासारखे आहे की पावसासारखे, हे नुसत्या निरीक्षणातून कळणे अशक्य होते, मग अभ्यासात दीड लाख माणसे असोत की पंधरा लाख.

हा पेच सोडवायला निसर्गानेच एक वाट ठेवली आहे. आईवडिलांकडून कोणते जनुक मिळावे हे गर्भधारणेच्या वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. ते माणसाच्या सवयींवर, पगारावर किंवा आहारावर अवलंबून नसते. एखाद्या जनुकामुळे काही लोकांच्या रक्तात एखादा पदार्थ जन्मापासून जास्त किंवा कमी असेल आणि तो पदार्थ खरोखर रोग घडवत असेल, तर त्या लोकांत रोगाचे प्रमाणही त्याच दिशेने बदललेले दिसायला हवे. पदार्थ नुसता सोबती असेल, तर रोगाच्या प्रमाणात काहीच फरक पडणार नाही. दुसरी कसोटी औषधाची. चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करावेत, एकाला तो पदार्थ कमी करणारे औषध द्यावे, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी, आणि कोणाला अटॅक कमी येतात हे पाहावे. या दोन्ही कसोट्यांवर जो उतरतो, त्यालाच कारण म्हणावे.

कोलेस्टेरॉल, नेमके सांगायचे तर एलडीएल, जनुकांच्या कसोटीवर लख्ख उतरते. काही कुटुंबांत एलडीएल रक्तातून उचलून घेणारी यकृताची यंत्रणाच जन्मतः सदोष असते. या यंत्रणेतल्या ग्राहकांचा (रिसेप्टर) शोध लावणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. हा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आलेल्या मुलांना शाळकरी वयात किंवा ऐन तारुण्यात हार्ट अटॅक येतात. त्यांनी सिगारेट ओढलेली नसते, त्यांना मधुमेह नसतो, नोकरीचा ताण नसतो. असते ते फक्त भयानक वाढलेले एलडीएल. याची उलट बाजू २००६ मध्ये जोनाथन कोहेन, हेलन हॉब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. पीसीएसके९ नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते, आणि पंधरा वर्षांच्या पाहणीत त्यांच्यातला हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी निघाला. फायब्रिनोजेनबाबत मात्र जनुकांची साक्ष वेगळी पडली. २०१३ मध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात फायब्रिनोजेनशी जोडलेल्या २३ जागा जनुकसंचात सापडल्या, पण फायब्रिनोजेन हृदयविकार घडवते याचा भक्कम पुरावा त्यांतून मिळाला नाही.

औषधाच्या कसोटीचा निकालही असाच लागला. जपानचे अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य मिळवले आणि त्यातून स्टॅटिन औषधांचा मार्ग खुला झाला. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये आला. साधारण साडेपाच वर्षांत, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले होते. नंतरच्या कितीतरी चाचण्या एकत्र करून हिशेब केला गेला, आणि एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरवले की हृदयविकार व पक्षाघाताच्या मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात, हे पुन्हा पुन्हा दिसले. स्टॅटिनशी काही संबंध नसलेल्या, पूर्णपणे वेगळ्या वाटेने एलडीएल उतरवणाऱ्या औषधांनीही फायदा दिला. फायब्रिनोजेनच्या बाबतीत मात्र निकाल वेगळा होता. बेझाफायब्रेट हे औषध फायब्रिनोजेनही कमी करते. इस्रायलमधल्या तीन हजारांवर हृदयरुग्णांत आणि पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या दीड हजार ब्रिटिश पुरुषांत ते वापरून पाहिले, तेव्हा मुख्य उद्दिष्टावर ठोस फायदा दिसला नाही. सुटे पुरावे कुठेतरी चुकू शकतात. पण जनुक आणि औषध दोन्ही एकच गोष्ट सांगू लागले, की निवाडा मान्य करायला हवा. एलडीएल कारण आहे, फायब्रिनोजेनचा वाढलेला आकडा प्रामुख्याने सूचक आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. अटॅक जर गुठळीनेच येतो आणि गुठळी फायब्रिनोजेनपासूनच बनते, तर ते निर्दोष कसे? उत्तर असे, की गुठळी होण्याची प्रक्रिया आणि रक्तात तरंगणारा कच्चा माल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गुठळी करायला लागेल इतके फायब्रिनोजेन प्रत्येक निरोगी माणसात मुबलक असते. तीनशेऐवजी साडेतीनशे असल्याने प्लाक लवकर फाटत नाही. प्रक्रिया रोखली तर मात्र जीव वाचतो. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरच्या जागतिक चाचणीत, अटॅक आल्याबरोबर दिलेल्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी, गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने २५ टक्क्यांनी आणि दोन्हींनी मिळून ४२ टक्क्यांनी कमी केले. म्हणूनच छातीत दुखू लागल्यावर ‘गॅस असेल’ म्हणून रात्र काढणे जिवावर बेतते. पण अटॅक आलेल्याला जे तारते, ते प्रत्येक निरोगी माणसाला लाभेलच असे नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९ हजारांवर निरोगी वृद्धांच्या चाचणीत रोजच्या ॲस्पिरिनने हृदयविकार लक्षणीयरीत्या टळला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. फायब्रिनोजेन किंवा डी-डायमर वाढलेले पाहून मनानेच ‘रक्त पातळ करणारी गोळी’ सुरू करणे हा म्हणूनच घातक उपाय आहे. आणि डॉक्टरांनी स्टेंटनंतर किंवा अटॅकनंतर दिलेली गोळी मनाने बंद करणे तितकेच घातक आहे.

ही कसोटी एकदा हाती आली, की रिपोर्टमधल्या इतर नावांचाही उलगडा होतो. एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, ते वाढवावे, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. एचडीएल कमी असणाऱ्यांत हृदयविकार जास्त, हे खरेच आहे. पण ते वाढवणाऱ्या टॉरसेट्रॅपिब या औषधाची चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले होते. जनुकांच्या अभ्यासांनीही एचडीएलला तारणहार ठरवले नाही. होमोसिस्टीनचे तसेच झाले. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ ची कमतरता व्यापक आहे आणि तिच्यामुळे होमोसिस्टीन चढते, हे पुण्यातल्या संशोधनातही दिसले आहे. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढावे, कारण मज्जातंतूंना आणि रक्ताला त्याची गरज आहे. पण जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवल्याने हार्ट अटॅक टळतात, असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले नाही. उलट लिपोप्रोटीन-ए हा कण कमी प्रसिद्ध असूनही कसोटीवर टिकला. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कण एलडीएलचाच भाऊबंद, पण त्याला चिकटलेले प्रथिन गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनोजेनशी साम्य राखते. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते, आणि ती वाढवणारी जनुके असलेल्यांत हृदयविकारही वाढतो. जगात साधारण पाचातल्या एका माणसात तो ५० मिलिग्रॅमच्या वर असतो. तो पथ्याने किंवा व्यायामाने फारसा हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजून घ्यावा. वाढलेला निघाला, तर बाकीच्या धोक्यांबाबत अधिक कडक राहावे.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे. अटॅक आलेल्या कितीतरी जणांचे कोलेस्टेरॉल नॉर्मल असते, मग त्याला दोष कशाला? अमेरिकेत इस्पितळात दाखल झालेल्या एक लाखाहून अधिक हृदयरुग्णांच्या २००९ मधल्या पाहणीत जवळजवळ निम्म्यांचे एलडीएल शंभरच्या खाली होते, हे खरे. पण त्यांतले काही जण आधीपासून स्टॅटिन घेत होते, आणि अटॅकनंतरच्या तासांत एलडीएल काहीसे उतरतेही. याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ‘नॉर्मल’ म्हणजे समाजात सर्रास आढळणारे, आणि समाजात सर्रास आढळणारे एलडीएल हे शरीराच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे. नवजात बाळाचे एलडीएल प्रौढांच्या तुलनेत फारच कमी असते आणि तेवढ्यावर बाळ वाढते. ब्रिटनचे जेफ्री रोज यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की मध्यम धोका असलेली माणसे संख्येने इतकी जास्त असतात, की बहुतेक रुग्ण त्यांच्यातूनच येतात. शिवाय धमनीवर परिणाम होतो तो एका दिवसाच्या आकड्याचा नाही, तर आकडा आणि वर्षे यांच्या गुणाकाराचा. पीसीएसके९ च्या अभ्यासातला ८८ टक्क्यांचा फायदा मोठा का होता, याचे उत्तर इथे आहे. त्या लोकांचे एलडीएल जन्मापासून कमी होते. आणि एकशे वीसचे एलडीएल तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या संगतीत जे करते, ते एकटे असताना करत नाही.

तिसरा आक्षेप स्टॅटिनवरच्या अविश्वासाचा. कोलेस्टेरॉल पेशींना, संप्रेरकांना, मेंदूला लागतेच, मग ते औषधाने कमी का करायचे? लागते, यात शंका नाही. पण जवळजवळ प्रत्येक पेशी ते स्वतः बनवू शकते आणि मेंदू आपले आपण बनवतो. अतिशय कमी एलडीएल घेऊन जन्मलेली पीसीएसके९ ची माणसे धडधाकट जगतात. औषध कंपन्यांचा नफा हा मुद्दाही खरा आहे, पण आज मुख्य स्टॅटिन औषधे पेटंटमुक्त आणि स्वस्त आहेत. दुष्परिणाम असतात आणि ते लपवू नयेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या काही जणांत साखर किंचित वाढते, क्वचित स्नायूंना गंभीर इजा होते. पण अंगदुखीच्या बहुतेक तक्रारी औषधाच्या नसतात. २०२२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा स्टॅटिन गटात २७.१ टक्के आणि निरुपयोगी गोळीच्या गटात २६.६ टक्के लोकांनी स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या. याचा अर्थ स्टॅटिन सर्वांनी घ्यावे असा मुळीच नाही. तीस वर्षांच्या, बाकी धोके नसलेल्या माणसाचे एलडीएल थोडे वाढलेले असेल तर आधी आहार आणि हालचाल बदलून पाहणे योग्यच. पण मधुमेह असलेल्या किंवा अटॅक येऊन गेलेल्या माणसाने भ्रमणध्वनीवर आलेला संदेश वाचून गोळी बंद करणे म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणे आहे.

हे सारे आपल्याला अधिक निकडीने लागू पडते. मूळचे केरळचे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालील ५२ देशांच्या अभ्यासाने २००४ मध्ये दाखवले, की पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्याचा पुरुषांत सुमारे ९० टक्के आणि स्त्रियांत ९४ टक्के वाटा नऊ गोष्टींनी समजावता येतो. त्या म्हणजे धूम्रपान, रक्तातल्या चरबीच्या कणांचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्य न पिणे. शेवटच्या घटकाचा आधार घेऊन कोणी प्यायला लागू नये, कारण मद्याच्या लाभाचा तो दावा नंतरच्या जनुकीय अभ्यासांत टिकलेला नाही. याच अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरीने वयाच्या ५३ व्या वर्षाच्या आसपास आला, इतर देशांत तो ५९ च्या आसपास होता. कारण काही गूढ नव्हते. तेच धोके आपल्याकडे कमी वयातच गोळा होतात. महाराष्ट्रासह तीन राज्ये आणि चंदीगड यांच्या पाहणीत, २०१४ च्या अहवालानुसार ७९ टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले, की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी आतून चरबी बाळगून असतो आणि ही प्रवृत्ती जन्मतःच दिसते. त्यामुळे ‘मी बारीक आहे’ या समाधानाला आपल्याकडे आधार नाही. महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा तंबाखू चघळणारे आणि मिश्री लावणारे पुष्कळ अधिक. धूर नाही म्हणून ही तंबाखू निरुपद्रवी ठरत नाही, कारण युसुफ यांच्याच अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही अटॅकचा धोका दुपटीहून अधिक होता.

मग कशाकडे पाहावे? रक्तदाब, साखर, एलडीएल, कंबरेचा घेर आणि तंबाखू, या पाचांकडे आधी. भारतीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण माणसाचे एलडीएल शंभरच्या खाली, मधुमेह-रक्तदाबासारखे धोके असणाऱ्यांचे सत्तरच्या खाली आणि अटॅक येऊन गेलेल्यांचे पंचावन्नच्या खाली असावे. बहुतेकांना ही तपासणी उपाशीपोटीच करायला हवी असेही आता नाही. घरात कोणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल, तर मुलांची आणि भावंडांची तपासणी विशीतच करावी. तूप-तेलाचे प्रमाण मोजके ठेवावे, वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळावे, ताटात डाळी, कडधान्ये आणि भाज्या वाढवाव्यात, रोज अर्धा तास भराभर चालावे. यातून फायब्रिनोजेनही आपोआप खाली येते, त्याच्यासाठी वेगळे औषध लागत नाही. ते वाढलेले दिसले, तर त्याच्यावर राग काढण्यापेक्षा ते कशामुळे वाढले हे शोधावे. दात आणि हिरड्या पाहाव्यात, तंबाखू सोडावी, साखर तपासावी. त्याचा एवढाच उपयोग आहे, आणि तो कमी नाही.

वैद्यकाला एलडीएलच्या बाबतीत जेवढी खात्री आहे, तेवढी फार थोड्या गोष्टींबाबत असते. जनुके, प्रयोग आणि लाखो रुग्णांवरच्या चाचण्या एकाच दिशेला बोट दाखवतात. फायब्रिनोजेनची कहाणी अपयशाची नाही. मोठा संबंध दिसूनही संशोधकांनी त्याला कारण मानण्याची घाई केली नाही, म्हणून लाखो लोक निरुपयोगी उपचारांपासून वाचले. हीच शिस्त आपण आपला रिपोर्ट वाचताना पाळायला हवी. महागड्या पॅकेजमधल्या चाळीस आकड्यांनी घाबरून जाऊ नका आणि एखाद्या नॉर्मल आकड्याने निश्चिंतही होऊ नका. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि एलडीएल मोजा, लिपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा मोजा, तंबाखू आजच सोडा, आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक सुरू केलेले औषध त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. अकाली येणारे बहुसंख्य हार्ट अटॅक टाळता येण्याजोगे आहेत आणि ते टाळण्याचे बहुतेक उपाय तुमच्या घरात आणि जवळच्या दवाखान्यात मिळतात.